आठवी-दहावीच्या मुलांना करिअर विचारण्याआधी काम दाखवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. मुलगी दहावीत, मुलगा आठवीत, निफाड तालुक्यात घरची द्राक्षबाग. मुलगी आज नर्सिंग म्हणते उद्या वकील, आणि मुलाला काहीही विचारलं की "माहीत नाही". पाहुणेमंडळी म्हणतात सायन्स घ्या, सगळे रस्ते उघडे राहतात. आणि क्लासवाल्यांनी बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणारी टेस्ट करायला सांगितलीय, ती करावी का.

मी आधी शिक्षिका होते, नंतर बरीच वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या शाळांमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं काम करतेय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

पहिलं ठशांचं. ती टेस्ट करू नका. डीएमआयटी म्हणून चालते ती. बोटावरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि त्यांचा मुलाच्या बुद्धीशी, आवडीशी, पुढच्या कामाशी संबंध आहे याला काहीही शास्त्रीय आधार नाही. रिपोर्ट जाडजूड असतो, रंगीत असतो, त्यात प्रत्येक मुलाबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहिलेल्या असतात म्हणून आईवडिलांना पटतो. मला याचा राग एवढ्यासाठी येतो की एकदा तो कागद घरात आला की पुढची पाच वर्षं मुलाला त्या कागदावरून ऐकवलं जातं, "तुझ्या रिपोर्टमधे तर असं आलंय". ते पैसे एसटीच्या तिकिटांना वापरा, कशासाठी ते खाली सांगते.

खरी अभिक्षमता चाचणी वेगळी असते. आकडे, भाषा, आकृत्या मनातल्या मनात फिरवून बघणं, यंत्राचा अंदाज, अशा वेगवेगळ्या भागांचे प्रश्न असतात, सोबत आवडीची प्रश्नावली असते आणि मानसशास्त्र शिकलेला माणूस ती घेतो आणि नंतर मुलाशी निवांत बोलतो. हे बोलणं नसेल तर चाचणीचा फार उपयोग नाही. आपल्याकडे २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची सरकारी कल चाचणी होत होती, आठवत असेल. मुलांच्या हातात कागद यायचा पण त्यावर बोलायला शाळेत माणूस नसायचा, मग "ललित कला" आलेल्या मुलीची आई घाबरायची आणि "गणवेशधारी सेवा" आलेला मुलगा लगेच पोलीस भरतीचा विचार करायचा. चाचणी करायचीच तर मुलगी दहावीत आहे तिची करा. आठवीतल्याची आत्ता नको, त्याच्या आवडी अजून दर सहा महिन्यांनी बदलणार आहेत आणि ते अगदी बरोबर आहे.

आता मुलाच्या "माहीत नाही" बद्दल. ताई, ते प्रामाणिक उत्तर आहे, त्याच्यावर रागवू नका. तेरा वर्षाच्या मुलाने काम म्हणून काय बघितलेलं असतं? शिक्षक, डॉक्टर, ड्रायव्हर, पोलीस, दुकानदार आणि जे मोबाईलवर दिसतात ते. माणसं सकाळी कामाला जाताना आणि संध्याकाळी परत येताना दिसतात, मधले आठ तास काय करतात ते त्याने कधी बघितलेलंच नाही. जे बघितलं नाही त्यातून निवड कशी करणार? म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो. या वयात करिअर ठरवायला लावू नका, काम जवळून दाखवा, भरपूर दाखवा, आणि तोपर्यंत कुठला रस्ता चुकून बंद होत नाही ना एवढं बघा.

आणि काम बघायला लांब जायची गरज नाही. तुमच्याकडे तर द्राक्ष आहेत. जानेवारी ते मार्च या काळात, माल निघत असताना, मुलाला एखाद्या पॅकहाऊसमधे, म्हणजे माल निवडून बॉक्समधे भरतात तिथे, एक पूर्ण दिवस घेऊन जा. गेटवरून बघून यायचं नाही, ज्यांचा माल तिथे जातो त्यांच्या ओळखीने रीतसर परवानगी काढून जायचं. आणि सगळं एकदम दाखवायला जाऊ नका, एका गोष्टीपाशी थांबू द्या. मी मुलांना साखर मोजतात तिथे थांबवते. तो छोटा नळीसारखा रिफ्रॅक्टोमीटर असतो, मण्याचा एक थेंब रस काचेवर टाकायचा, वरची पट्टी लावायची, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो तिथला आकडा वाचायचा, तो ब्रिक्स. मुलाच्या हातात द्या, दोन घडांचे मणी घेऊन स्वतः मोजू द्या. घरच्या बागेत वडील मणी तोंडात टाकून "अजून चार दिवस" म्हणतात ना, तेच इथे आकड्यात दिसतं, आणि तो आकडा कमी आला तर माल थांबतो हे कळलं की मुलाचा चेहरा बदलतो, कारण आता त्याला त्या कामाचं वजन कळलेलं असतं.

मग तिथून पुढे एकेक माणूस बघा. कात्रीने खराब मणी काढणाऱ्या बाया, त्यांच्याशी बोलायला लावा, दिवसभर उभं राहून किंवा वाकून काय होतं ते त्या सांगतील. क्वालिटी बघणारा मुलगा बहुतेक बीएस्सी ॲग्री केलेला असतो. प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेजची मशीन सांभाळणारा आयटीआयचा, रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेला, आणि रात्री कॉम्प्रेसर बंद पडला तर अख्ख्या कंटेनरचा माल त्याच्यावर असतो, त्याला विचारा झोप कशी लागते सीझनमधे. फवारलेल्या औषधाचा अंश तपासणाऱ्या लॅबमधे केमिस्ट्रीवाले. ऑफिसमधे एक्स्पोर्टची कागदपत्रं करणारी मुलगी कॉमर्सची असते, युरोपला जाणाऱ्या मालाची प्रत्येक बाग २००६ पासून ग्रेपनेट या ऑनलाईन नोंदणीत नोंदवलेली असते आणि ती नोंद, तो लॅबचा रिपोर्ट, ते बॉक्स सगळं जुळवणं हे तिचं काम. नंतर कस्टमचा एजंट, न्हावाशेवा बंदरापर्यंत जाणारा रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरचा ड्रायव्हर, पीककर्ज देणारा बँकेतला अधिकारी, विम्याचा सर्व्हेअर. घरच्याच एका घडामागे एवढी माणसं एवढ्या वेगवेगळ्या शिक्षणाची उभी आहेत हे मुलाला पहिल्यांदा कळतं. ज्यांच्याकडे द्राक्ष नाहीत त्यांनी येवल्याची पैठणी घ्या, लासलगावचा कांद्याचा लिलाव घ्या, सातपूर अंबडची एखादी फॅब्रिकेशनची शेड घ्या, जे हाताशी असेल ते.

जाण्याआधी प्रश्न तयार करून द्या, नाहीतर मुलं गप्प उभी राहतात आणि मोठी माणसं भाषण देतात. "यशस्वी कसे झालात" असले प्रश्न नकोत. काल सकाळपासून काय काय केलं ते सांगा, हा सगळ्यात चांगला पहिला प्रश्न. मग यातलं कंटाळवाणं काय आहे, अंगाला काय त्रास होतो, हे कुठे शिकलात आणि किती खर्च आला, सुरुवातीला साधारण किती मिळतं (हे अदबीने विचारायचं, सांगायचं नसेल तर सोडून द्यायचं). आणि शेवटी, तुमच्याकडे नवीन कामाला येतात त्या मुलांना काय येत नाही? या शेवटच्या प्रश्नावर लोक खरं बोलायला लागतात. कुणी म्हणतं मोजमाप येत नाही, कुणी म्हणतं फोनवर नीट बोलता येत नाही, कुणी म्हणतं वेळेवर येत नाहीत. मुलाने ते वहीत लिहावं, चार ओळी चालतील, पण स्वतःच्या शब्दात.

घरी आल्यावर "आवडलं का?" विचारू नका, त्याचं उत्तर हो किंवा नाही येतं आणि विषय संपतो. "काय बघितलंस?" विचारा आणि ऐका. एक मुलगा माणसांबद्दलच सांगत बसतो, कोण चिडलं होतं, कोण कसं समजावत होतं. दुसरा पट्टा कसा फिरतो आणि वजनकाटा कुठे बसवलाय ते सांगतो. तिसरीला त्या रजिस्टरमधला घोळ लक्षात आलेला असतो. तुम्हाला जे कळायला हवंय ते इथे कळतं, कुठल्याही टेस्टपेक्षा जास्त. एनसीईआरटीने सहावीसाठी कौशल बोध नावाचं पुस्तक काढलंय, त्यात कामाचे तीन भाग केलेत, सजीवांसोबतचं काम, यंत्र आणि साहित्यासोबतचं काम, आणि माणसांच्या सेवेचं काम. आईवडिलांना मी एवढेच तीन खाने लक्षात ठेवायला सांगते. मुलगा दोन-तीन ठिकाणं बघून आला की कुठल्या खान्यात तो जास्त रमतो ते दिसायला लागतं, आणि आठवीच्या मुलासाठी एवढी माहिती पुष्कळ झाली.

शाळेलाही यात ओढा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा लोकांकडे काम शिकायचं असं स्पष्ट म्हटलेलं आहे. बऱ्याच ठिकाणी हे दिवस खेळात आणि सहलीत जातात. पालकसभेत विचारा की आपल्या शाळेत ते कसे घेणार, आणि नुसतं विचारू नका, आमच्या ओळखीचं पॅकहाऊस आहे, शेजारी वेल्डर आहे, आम्ही सोय करतो म्हणा. शिक्षकांवर आधीच कामं खूप असतात, कुणी सोय करून दिली तर बहुतेक मुख्याध्यापक आनंदाने हो म्हणतात.

हे काही नवीन खूळ नाही हेही सांगते. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मधे विज्ञान आश्रम सुरू केला, त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात, वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य असे चारही भाग प्रत्येकाने करायचे, मुलींनीही वेल्डिंग आणि मुलांनीही स्वयंपाकघरातलं. शिकवणारे गावातलेच कारागीर असतात. अशा शाळांमधे गेलं की एक गोष्ट हमखास दिसते, वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारं पोर मोजायची टेप हातात घेतल्यावर सगळ्यांना सूचना द्यायला लागतं. त्याला गणित येत नव्हतं असं नाही, त्याला ते गणित कशाला लागतं ते कधी दिसलं नव्हतं.

आता मुलीकडे येऊया, कारण तिचा निर्णय जवळ आलाय. "सायन्स घेतलं की सगळे रस्ते उघडे" हे अर्धंच खरं आहे. कागदावर उघडे असतात, पण ज्या मुलीला फिजिक्स नकोसं वाटतं तिची दोन वर्षं क्लासमधे जातात, मार्क घसरतात आणि बारावीनंतर उघडे असलेले रस्तेसुद्धा तिला आपले वाटत नाहीत. म्हणून उलटं विचारा, हिला ज्या दोन-तीन गोष्टी आत्ता बऱ्या वाटतायत त्यांना काय काय लागतं?

बीएस्सी नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करायचा तर आर्ट्स, कॉमर्सवाल्यांनाही जाता येतं, बारावीला इंग्रजी हवं. वकिलीला बारावी कुठल्याही शाखेची चालते, सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचा कोर्स, किंवा आधी पदवी आणि मग तीन वर्षं. म्हणजे दोन्ही दारं उघडी ठेवायची तर बायोलॉजीसकट सायन्स घ्यायला एक खरं कारण आहे, आणि नर्सिंग मनातून गेलं तर तेच कारण उरत नाही, मग आर्ट्स किंवा कॉमर्स चांगल्या मार्कांनी केलेलं वकिलीला कितीतरी बरं. गणिताचं मात्र जपून. अकरावीला गणित सोडलं की इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, पायलट आणि एनडीएमधलं नेव्ही-एअरफोर्स हे सगळं बाजूला पडतं (आर्मीला बारावी कुठलीही शाखा चालते). यातलं काहीच तिच्या डोक्यात नसेल तर नाही घेतलं गणित तरी चालेल, फक्त हे माहीत असताना सोडा, मैत्रिणीने सोडलं म्हणून नको. सीएला कुठलीही शाखा चालते, एमपीएससीला कुठलीही पदवी चालते, त्या नावाखाली सायन्स गळ्यात मारू नका.

दहावीनंतरचे अकरावी सोडून असलेले रस्ते घरात आदराने बोला, ही माझी कळकळीची विनंती आहे. "मार्क कमी पडले तर आयटीआयला टाकू" हे वाक्य मुलांसमोर बोललं जातं आणि मग तिथे जाणारा मुलगा हरल्यासारखा जातो. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयमधे इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा, दोन वर्षांचा ट्रेड चांगला केला तर पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचीही सोय आहे. त्यानंतर कंपनीत ॲप्रेंटिसशिप, त्यात स्टायपेंड मिळतो, आपल्याकडे ओझरचं एचएएलसुद्धा ॲप्रेंटिस घेतं. मुलाला यंत्रात रस दिसला तर दहावीआधी त्याला एकदा आयटीआयचं वर्कशॉप आणि एकदा पॉलिटेक्निक, दोन्ही दाखवून आणा, प्रवेशाच्या गर्दीत नको, कॉलेज चालू असताना.

मुलींना काम दाखवताना एक गोष्ट मला फार खटकते. मुलगा वर्कशॉपला जातो आणि मुलगी बँकेत नाहीतर दवाखान्यात. दोघांना दोन्हीकडे न्या. २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर एनडीए मुलींना खुलं झालं, मे २०२५ मधे पहिल्या १७ मुली तिथून पास होऊन बाहेर पडल्या, आणि दहावीनंतर त्या तयारीसाठी मुलींची सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्था २०२३ पासून नाशिकमधेच आहे. तुमच्या मुलीला जायचंच आहे असं नाही, पण तिला माहीत तरी असावं.

पैशाचं आणि कागदांचं पटकन सांगते. मुलगा आठवीत आहे ना, शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल आणि घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल तर त्याला एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मुलीसाठी, २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सेसना ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी कॅप राऊंडमधून (केंद्रीय प्रवेश फेरीतून) घेतलेला हवा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन क्रिमिलेअर, डोमिसाईल, हे सगळं निकालानंतर सेतूच्या रांगेत उभं राहून करू नका, आत्तापासून एकेक करून घ्या. आणि दोघांचीही डोळ्याच्या डॉक्टरांकडे रंग ओळखायची तपासणी करा, रंगीत ठिपक्यांतून आकडा वाचायचा असतो, पाच मिनिटांचं काम. पायलट, मर्चंट नेव्हीत जहाज चालवणारे, रेल्वेत लोको पायलट यांना ते नीट लागतं, मुलांमधे रंगांधळेपणा मुलींपेक्षा बराच जास्त असतो आणि रोजच्या जगण्यात तो लक्षात येत नाही. सगळी तयारी करून मेडिकलला कळण्यापेक्षा आठवीत कळलेलं बरं.

घरातल्या बोलण्याबद्दलही लिहायलाच हवं. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की नवऱ्याचं म्हणणं "काहीही कर पण शेती नको". भाव पडल्यावर, गारपीट झाल्यावर माणूस असं बोलतो, मला ते समजतं, मीही शेतकऱ्याच्याच घरातली. पण आठवीतला मुलगा त्यातून एवढंच ऐकतो की आपल्या घरात जे काम चालतं ते हलकं आहे. तो बागेत रमत असेल तर त्याला ते मोकळेपणाने रमू द्या, खरड छाटणीला एक ओळ त्याच्याकडे द्या, औषधाचा हिशोब त्याच्या वहीत लिहायला द्या, वर्षाचा खर्च आणि आलेला पैसा दोन्ही त्याला दाखवा. शेती करायची की नाही ते तो मोठा झाल्यावर आकडे बघून ठरवेल. कदाचित तो रोपवाटिकेकडे जाईल, कदाचित राहुरीच्या कृषी विद्यापीठात ॲग्री करेल, कदाचित ठिबकच्या कंपनीत जाईल, कदाचित यातलं काहीच नाही.

आता तुम्ही नेमकं काय करायचं. मुलीला आत्ता परीक्षेपर्यंत काही विचारू नका, अभ्यास करू द्या. मार्चमधे पेपर संपले की निकाल लागेपर्यंतचे आठवडे हा सगळ्यात मोलाचा वेळ असतो, तो मामाकडे आणि मोबाईलवर सगळा घालवू नका. ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज देऊन दोन दिवस केसपेपरच्या खिडकीपाशी, ओपीडीत बसायची परवानगी मागा, वॉर्डमधे सोडणार नाहीत आणि सोडूही नये, पण सिस्टरशी ड्युटी संपल्यावर बोलता येईल, नाईट ड्युटी कशी असते, लग्नानंतर कसं जमवलं, हे सगळं विचारू दे. नंतर दोन दिवस निफाड कोर्टात. कोर्टात सुनावणी ऐकायला कुणालाही बसता येतं, फोन बंद ठेवून मागच्या बाकावर शांत बसायचं. तारखेवर तारीख कशी पडते, वकील किती वेळ नुसते थांबून असतात, टायपिंगवाले, कारकून, बेलीफ काय करतात ते बघू दे, आणि ओळखीच्या एखाद्या वकीलबाईंच्या ऑफिसमधे एक दुपार फायली बघायला जाऊ दे. दोन्हीकडचं तिने वहीत लिहावं.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाईनच आहेत, फॉर्मच्या पहिल्या भागात माहिती आणि दुसऱ्या भागात कॉलेज आणि शाखेची पसंती असते. तो दुसरा भाग भरायला बसाल तेव्हा ती वही शेजारी असू द्या. आणि त्याआधी मला परत लिहा, तिचे गणित-विज्ञानाचे मार्क आणि तिने वहीत काय लिहिलंय ते दोन्ही पाठवा, मग शाखेबद्दल नेमकं बोलता येईल.